कोरडा लगाम

सासऱ्यांचे कार्ड भाद्रपद शुद्ध दशमीला आले. त्यात चार वाक्ये होती. मी ती मोजली, कारण मोजणे हा माझा धंदा आहे. म्हैसूरच्या एका दैनिकात मी नऊ वर्षे बातम्या तपासतो. बातमीदाराने 'हजारो लोक' लिहिले की मी 'सुमारे चारशे' करतो. त्यामुळे बातमी खरी होते आणि बातमीदार बोलेनासा होतो.

कार्ड असे होते : 'नजर उतरत चालली आहे. डाव्या डोळ्याला दिवा दिसतो, माणूस दिसत नाही. उजवा पौषापर्यंत टिकेल असे वैद्य म्हणतो. तोवर गिरिजेचे तोंड एकदा पाहू दे.'

सासरे अंबाजीराव रिसाल्यातले पेन्शनीत निघालेले दफेदार. सरगूरला राहतात. अंतर पस्तीस मैल. बैलगाडीला जायला दोन दिवस, यायला दोन. मोटारबस आहे, पण दसऱ्याच्या दिवसांत ती पाहुणे वाहते. गिरिजाबाईला एकटीला पाठवावे, तर त्या घराची रीत अशी की लेक एकटी दारात दिसली की आधी भांडण झाले असे धरतात आणि मग पाणी विचारतात. म्हणून मी बरोबर जाणे आले. आणि दैनिक रोज निघते. तीन वर्षे तिचे माहेर एवढ्या एका कारणाने राहिले होते. ती याबद्दल कधी बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर तरी दिले असते.

वर्षात आमचा एकच अंक निघत नाही, तो विजयादशमीचा. खंडेनवमीला खिळ्यांच्या पेट्यांची आणि छापण्याच्या यंत्राची पूजा होते, मग दुसऱ्या सकाळपर्यंत कोणी त्यांना हात लावीत नाही. दशमीच्या संध्याकाळी मिरवणुकीची बातमी येते आणि काम पुन्हा सुरू होते. संपादक म्हणाले, "सहा वाजता तुम्ही मेजावर असाल." हे त्यांनी विचारले नव्हते.

म्हणजे दशमीची पहाट ते संध्याकाळचे सहा. एवढ्यात सरगूर गाठून परत यायला एकच वाहन होते, आणि ते माझ्या गोठ्यात उभे होते. १९१३ सालची, बारा वर्षांची मोटारसायकल. ती माझ्याकडे कशी आली हे सांगण्यात वाचकाचा वेळ घालवीत नाही. ती चालत होती. थांबत नव्हती.

मी सासऱ्यांना कळवले की मोटारसायकलीने येतो. उलट टपाली दुसरे कार्ड आले : 'लगाम नसलेल्या जनावरावर माझी मुलगी बसणार नाही. लगाम आहे काय ते कळवणे.'

मी लिहिले, 'आहेत. दोन.'

हे विधान खरे होते. दोन ब्रेक गाडीला होतेच. ते लागतात असे मी म्हटले नव्हते. पुढच्या ब्रेकची मूठ दाबली की तार ओढली जाऊन रबराचे दोन ठोकळे चाकाच्या कडेला घासतात, सायकलीसारखे. रबराचा दगड झाला होता आणि तारेच्या नऊ पदरांपैकी दोन शिल्लक होते. मागच्या चाकाला, इंजिनाचा पट्टा फिरावा म्हणून, खोबणीचे एक लोखंडी कडे असते. पायाने दांडी दाबली की एक पाचर त्या खोबणीत घुसते आणि चाक अडते. माझी दांडी गंजून जागच्या जागी बसली होती. जोर केला तर ती एकदम सुटे, आणि पाचरीच्या जागी मागच्या मालकाने खोचलेले बाटलीचे बूच रस्त्यावर पडे. मी ते उचलून पुन्हा खोचत असे. थांबायचे असेल तेव्हा इंजिन बंद करून दोन्ही जोडे जमिनीला लावी. चाळीस दिवसांत दोन जोड गेले होते.

शेजारचे गंगाधरराव, कालव्याच्या खात्यातले निवृत्त ओव्हरसियर, आरामखुर्चीतून म्हणाले, "ब्रेक बसवू नका, नागोजीराव. ब्रेक असला की माणूस बेफिकीर होतो. आत्ता तुम्ही किती जपून जाता!"

"मी जपून जात नाही. मला जाताच येत नाही."

"तेच म्हणतो मी. याहून सुरक्षित काय?"

पुढचा ब्रेक सायकलवाल्या बाशासाबने दोन दिवसांत नीट केला. नवी तार, नवे रबर. गंजलेली दांडी त्याने चार दिवस रॉकेलात भिजवून सोडवली. पाचरीला मात्र त्याने हात लावला नाही. "ये अपने बस का नै साब," तो म्हणाला, "मद्रास को लिखो." मी मद्रासला लिहिले. नवव्या दिवशी उत्तर आले की या यंत्राच्या पाचरी आता मिळत नाहीत, सबब सोबतचे सूचीपत्र पाहून नवी मोटारसायकल घ्यावी. सूचीपत्रातले सगळे नग उत्तम होते. दसऱ्याला अकरा दिवस उरले.

समोर गुंडुराव राहतात. पिढीजात रंगारी, ठशांनी कापड छापणे आणि रंगवणे हा त्यांच्या घरचा धंदा. आमची गल्ली माझ्या दारापासून उतरत जाते आणि मोठ्या रस्त्याकडे वळण्याआधी त्यांच्या अंगणाला भिडते. अंगणात रंगाच्या कढया आणि वाळत घातलेले कापड असते. माझी गाडी चालू झाल्यापासून ते ओट्यावर बसून माझ्यावर नजर ठेवीत. ती कुतूहलाची नजर असे, असा माझा समज होता.

त्या दिवशी ते मद्रासचे पत्र वाचून उठले. "नोडी, बघा, नागोजीराव. पाचर म्हणजे काय? दोन बाजूंनी उतरता ठसा. आमचा ठसा कापडाला बसतो, हा लोखंडाला बसेल. सुम्ने, उगाच मद्रास-मद्रास कशाला करता?"

ओल्या मातीचा गोळा खोबणीत दाबून त्यांनी साचा घेतला आणि संध्याकाळपर्यंत शिसवीची पाचर कोरून आणली. ती इतकी बेमालूम बसली की कडेला नख शिरेना. सवयीने त्यांनी तिच्या एका बाजूला लहानशी कोयरी कोरली होती. "ती दिसणार नाही," मी म्हटले. "कळेल तिला," ते म्हणाले.

लाकूड नुसते लोखंडावर घासले तर जळते. वर चामडे हवे. जाड, मुरलेले, एकसारखे. बाजारात जोड्याचे चामडे मिळाले, ते एका दाबात चिरले. गुंडुरावांनी मग माझ्या माजघराकडे पाहिले. मीही पाहिले. तिथे खुंटीवर आजोबांचे खोगीर होते.

आजोबा शिलेदार होते. खोगिराचा सांभाळ भवानीआत्याकडे, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीकडे. दर खंडेनवमीला ती त्याला करंजेल चोळते. चाळीस वर्षांत खंड नाही. चामडे कोरडे पडलेले घर हे तिच्या लेखी सुतक असलेले घर.

"अय्यो नागू," आत्या म्हणाली, "बाबांचं खोगीर कापतोस? त्याच्यावर बसून त्यांनी सरकारची स्वारी राखली. आणि तू त्याला त्या फटफटीच्या चाकात घालणार?"

"आत्या, लगामच आहे तो एक प्रकारचा—"

"घोड्याला तोंडात असतो लगाम. तुझा कुठं आहे ते मी बघितलंय."

गिरिजाबाई चुलीपाशी होती. तिने मान वर न करता म्हटले, "आत्या, पौषानंतर अप्पांना मी दिसणार नाही."

आत्याने खोगीर उतरवले, मांडीवर घेतले आणि घोड्याच्या पोटाखालून आवळायचा तंगाचा पट्टा स्वतःच कापला. "हा ने. एवढाच. पण ऐक, हे चामडं या घरच्या रीतीनं राहील. त्याची सेवा चुकायची नाही."

"नाही चुकणार," मी म्हणालो.

नऊ वर्षांत न तपासता सोडलेले माझे हे एकच वाक्य. पुढे जे झाले त्याचे मूळ इथे आहे.

पट्टा पाचरीवर तांब्याच्या खिळ्यांनी ठोकून मी पहिली फेरी घेतली. पाय दाबला. पाचर खोबणीत नेमकी गेली आणि चाक तिच्यावरून पूर्वीपेक्षाही सुरळीत फिरू लागले. गंगाधररावांच्या फाटकाने मला थांबवले. ते खुर्चीतून उठले नाहीत. "बघा, बसवलात ब्रेक," एवढेच म्हणाले.

गुंडुरावांनी चामड्यावर बोट फिरवले आणि बोट हुंगले. "करंजेल. चाळीस वर्षांचं. अहो, तेलकट कापडाला रंग धरत नाही, तेलकट चामड्याला चाक कसं धरेल? आधी तेल काढायला पाहिजे." तेल काढणे हे रंगाऱ्याचे पहिले काम. त्याला ते खारी माती वापरतात, तिला इथे चौळ मण्ण म्हणतात. पट्टा त्यांनी कोमट पाण्यात त्या मातीत घोळवला, धुतला, पुन्हा घोळवला. उकळत्या पाण्यात घातला तर चामडे आकसते, हे त्यांनी मला तीनदा सांगितले, जणू मी चूल घेऊनच उभा होतो. मग त्यांनी पट्टा मधोमध कापला. अर्धा मला दिला, अर्धा आपल्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला.

"तो का ठेवलात?"

"नमुना. प्रत्येक कामाचा अर्धा तुकडा आमच्या भिंतीवर राहतो. उद्या कुणी म्हणालं, गुंडुरावानं चामडं बिघडवलं, तर काय दाखवू?"

"मी कशाला म्हणेन?"

"तुम्ही पेपरवाले. तुमचा काय भरवसा!"

चामडे तीन दिवस सावलीत वाळले. दुसरी फेरी आश्विन शुद्ध षष्ठीला. पूर्ण वेगात उतारावर पाय दाबला आणि गाडी सात पावलांत उभी राहिली. मी पावले दोनदा मोजली. पहिल्यांदा साडेसहा भरली होती; सात लिहितो. बारा वर्षांनी ती मोटारसायकल कोणाच्या तरी सांगण्यावरून थांबली होती. गुंडुरावांनी ओट्यावरून टाळी वाजवली आणि पहिल्यांदाच आत जाऊन निवांत झोपले. तेव्हा मला त्यांच्या नजरेचा अर्थ कळला.

आता परवाना. नियम असा की गाडीला दोन स्वतंत्र ब्रेक पाहिजेत आणि प्रत्येकाने एकट्याने गाडी थांबवली पाहिजे. तसा दाखला असल्याखेरीज गल्लीबाहेर मोठ्या रस्त्यावर गाडी चालवायची नाही. कायदा पाळणारा माणूस म्हणून सप्तमीला मी गाडी ढकलत कचेरीत नेली. अंतर सव्वा मैल. कारकुनाने खिडकीतून पाहिले आणि नोंदवहीत लिहिले : 'हातगाडी, एक.'

"ही मोटारसायकल आहे."

"ढकलत आणलीत ना? मग हातगाडी. हातगाडीला ब्रेक बेड. दाखला बेड. आरामात घेऊन जा." बेड म्हणजे नको. त्यांना खरोखर वाटत होते की ते माझी सोय करीत आहेत.

मी नोंद दुरुस्त करून मागितली. कारकुनाचे साहेब म्हणाले, "मग चालवून दाखवा उतारावर."

"दाखल्याशिवाय चालवता येत नाही."

"बरोबर."

"आणि चालवल्याशिवाय दाखला मिळत नाही."

"सरी, ठीक. नियम पक्का पाठ आहे तुमचा." आणि त्यांनी मला उद्या बोलावले. परवा नवमी, मग कचेरी पाच दिवस बंद.

अष्टमीला मी पुन्हा सव्वा मैल ढकलत गेलो. साहेबांनी रात्रभर विचार केला असावा. त्यांनी कोऱ्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून दिले की, अर्जदारास कचेरीच्या फाटकापासून चिंचेच्या झाडापर्यंत, सत्तर यार्ड, एकवार वाहन चालविण्यास परवानगी आहे. दोन ब्रेक, म्हणून असे दोन कागद. दोन्ही वेळा गाडी चिंचेच्या अलीकडे थांबली. साहेब स्वतः चालत येऊन पाचरीपाशी वाकले. "चामडं फार कोरडं आहे हो," ते म्हणाले, पण दाखला दिला. 'फार कोरडं' हे शब्द त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले. तो दाखला मी घरी आणून कौतुकाने मोठ्याने वाचून दाखवला. सगळ्यांना. आत्याही ऐकत होती.

खंडेनवमीला सकाळी घरची पूजा मांडली. आजोबांची तलवार, विळी, अडकित्ता, माझी दौत, हातोडी, पाना, आणि ओसरीवर मोटारसायकल. मला छापखान्यातल्या पूजेला जायचे होते. मी नमस्कार करून निघालो आणि दुपारी परतलो, तेव्हा गाडीला शेवंतीची भरगच्च माळ होती, हळदीकुंकवाची बोटे होती, आणि तिच्या अंगाला एक ओळखीचा वास होता. घरभर दरवर्षी याच दिवशी तो वास असतो. मी लक्ष दिले नाही. माणसाला घरचा वास येत नाही.

दशमीला सकाळी सहा वाजता आम्ही निघालो. गिरिजाबाई मागच्या गादीवर एका अंगाने बसली, मांडीवर चिवड्याचा डबा, पदर खोचलेला. गल्ली जमली होती. गंगाधरराव आरामखुर्ची फाटकाबाहेर आणून बसले होते. कोणीतरी ओवाळले. मी ऐटीत मागे वळून म्हणालो, "घट्ट धर. वेळ आली की मी थांबवीन."

उताराला लागलो. खाली गुंडुरावांचे अंगण. तिथे लुगड्यांचे लाल कापड दोरीवर होते. अष्टमीला रंगवलेले, नवमीला कामाला हात लावायचा नाही म्हणून तसेच राहिलेले, न धुतलेले आणि रात्रीच्या दवाने ओले. वळायच्या आधी मी मागचा ब्रेक दाबला. पाचर लोण्यात सुरी जावी तशी गेली. मी पुढचा दाबला. शेवंतीची माळ ठोकळ्यांत आली आणि सुवास सुटला. एवढेच.

"अहो, वेळ आली!" मागून आवाज आला.

त्यानंतरचे मी अनुभवाने सांगतो, पाहून नाही, कारण सगळे लाल होते. पहिले लुगडे, दुसरे लुगडे, मग दोरी, मग गाडी आणि मी तिसऱ्या लुगड्यात गुंडाळलेले. गिरिजाबाई पहिल्या लुगड्याच्या अलीकडेच उतरली होती. ती कशी उतरली हे तिला आजवर सांगता आलेले नाही. डबा तिच्या हातात होता आणि झाकण लागलेले होते.

मला बाहेर काढण्यात आले. डावे अंग डोक्यापासून जोड्यापर्यंत लाल. गुंडुराव माझ्याभोवती एकदा फिरले. "रंग बरा धरलाय," ते म्हणाले. "तेल नाही तुमच्या अंगाला."

'तेल' म्हणताच ते थांबले. मीही थांबलो. दोघेही वाकलो आणि पाचर हुंगली.

आत्या दारातच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचे समाधान अजून होते. "मीच लावलं," ती म्हणाली. "सरकारी माणसानं कागदावर लिहून दिलं, चामडं कोरडं म्हणून. बाबांचं चामडं! कचेरीत शोभा झाली घराण्याची. दोनदा चोळलं, चांगलं मुरवलं. खोबणीलाही लावलं थोडं, घासू नये म्हणून." ती माझ्याकडे वळली. "तू म्हणालास की, सेवा चुकायची नाही."

मी म्हणालो होतो.

गिरिजाबाईने डबा गुंडुरावांच्या ओट्यावर ठेवला आणि पदर सोडला. खोचलेला पदर सोडणे म्हणजे निघायचे नाही. आत्याने ते पाहिले. तिचे समाधान हळूहळू उतरताना मी पाहिले. त्यापेक्षा पुन्हा लुगड्यात गेलो असतो तर बरे.

"चौळ मण्ण आहे," मी गुंडुरावांना म्हणालो.

"आहे. पण वाळायला तीन दिवस." मग त्यांनी एकदम कपाळावर हात मारला. "अय्यो, नमुना!"

भिंतीवरच्या खिळ्याला उरलेला अर्धा पट्टा होता. धुतलेला, वाळलेला, कोरडा ठणठणीत. ते तो दोन्ही हातांवर घेऊन आले. "हा दिला तर माझ्याकडे पुरावा राहत नाही," ते म्हणाले.

"मी लिहून देतो."

"नको. तुम्ही 'सुमारे' लिहाल."

पण ठोकायला हातोडी पाहिजे, आणि हातोडी पूजेत. उत्तरपूजा गुरुजी आल्यावर, गुरुजी नऊला. वाहन पहाटे नमस्कार करून हलवता येते, पण मांडलेल्या हत्याराला त्याआधी कोणी हात लावीत नाही. आमच्याकडे नाही, गुंडुरावांकडे नाही, बाशासाबकडे मागावी तर तोही दसऱ्याला हातोडीला हार घालतो आणि आमच्यापेक्षा कडक पाळतो. गंगाधरराव म्हणाले, "दगडानं ठोका." शिसवीची पाचर दगडाने फुटली असती.

तेव्हा आत्या घरात गेली. देवापुढे बसली, अक्षता वाहिल्या आणि हातोडीवरचे फूल स्वतःच्या हाताने काढले. "माझ्या हातनं झालं, मीच उठवते तुला," ती हातोडीला म्हणाली, की देवीला, ते मला ठरवता आले नाही. हातोडी माझ्या हातात देऊन ती गाडीपाशी येऊन खाली बसली. सोबत शिकेकाईची वाटी, चुलीतली राख, नारळाची शेंडी. "अभ्यंगाचं तेल कशानं जातं ते मला माहीत आहे," ती म्हणाली आणि चाकाची खोबण तिने पितळी परातीसारखी घासली. एका तासात लोखंड रुप्यासारखे झाले. इंजिनाचा पट्टा रबराचा, म्हणून तिच्या सेवेतून वाचला होता. मी तांब्याचे खिळे ठोकले. माळ काढून आत्याने ती गिरिजाबाईच्या अंबाड्यात माळली, बरीच उरली.

आठ वाजून दहा मिनिटांनी गल्लीच्या वरच्या टोकाहून मी एकटा सुटलो. गुंडुराव दोरीपुढे हात पसरून उभे होते. सहा पावले. गिरिजाबाईने पदर पुन्हा खोचला.

वाटेबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही, आणि हेच लिहिण्यासारखे आहे. चढावर ती उतरून चालत असे आणि माझ्या आधी वर पोचत असे. उतारावर मी ब्रेक दाबी आणि गाडी ऐकत असे. हंपापूरजवळ एका म्हशीला रस्ता ओलांडायचा होता. आम्ही तिला ओलांडू दिला. पूर्वी तो निर्णय म्हशीचा असे.

सरगूरला अकराच्या सुमारास. सासऱ्यांच्या घराची वाट शेवटी उतरती आहे. आवाज ऐकून ते ओट्यावरून खाली आले आणि वाटेच्या मधोमध काठी आडवी धरून उभे राहिले. साडेसत्तर वर्षांचे, ताठ. बाजूला व्हायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. घोडदळातला माणूस समोरून येणाऱ्याला हलून परीक्षा देत नाही, उभे राहून घेतो.

मी दाबला. दोन्ही. गाडी काठीपासून दीड हातावर थांबली.

त्यांनी काठीने पुढचे चाक चाचपले, अंतर मोजले आणि काठी खाली केली. "आहे लगाम," ते म्हणाले. मग हात पुढे केला आणि नुसते म्हणाले, "गिरिजा?"

ती उतरली. त्यांनी तिला हनुवटीला धरून उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ आणले, दिव्याजवळ पत्र धरावे तसे, आणि बराच वेळ वाचले. मी चाकाची हवा पाहत होतो. हवा ठीक होती.

"रोडावलीस," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "आणि जावईबापू हे अर्धे लाल काय?"

"दसरा," मी म्हणालो.

"बरं बरं. पूर्वी आम्हीही खेळत असू."

जेवणानंतर त्यांनी पाचर हाताने पाहायला मागितली. बोटे चामड्यावरून एकदाच फिरली आणि थांबली. "हे खोगिराचं आहे. तंगाचा पट्टा. रिसाल्यातलं." त्यांचा चेहरा गंभीर झाला. "जावईबापू, हे हाडासारखं कोरडं पडलंय. आज दसरा. कोण आहे तिकडे? करंजेलाची वाटी आणा."

वाटी लगेच आली. त्या घरात ती हाताशीच असते. मी उठलो, पण गिरिजाबाई माझ्या आधी त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये जाऊन बसली. तिने वाटी काढून घेतली, खोबरेलाची दुसरी मागवली आणि अंबाड्यातली शेवंती सोडली.

"अप्पा, तेल लावायचंच आहे तर माझ्या डोक्याला लावा. तीन वर्षं माहेरचं तेल लागलं नाही."

म्हातारा क्षणभर गोंधळला. मग ओट्याच्या वरच्या पायरीवर बसला, तिला खालच्या पायरीवर घेतली आणि तळहातावर तेल ओतले. डोक्याला तेल लावायला नजर लागत नाही. अडीच वाजले. मला अडीचला निघायचे होते. मी घड्याळ काढले, पाहिले आणि परत खिशात ठेवले. पावणेतीन झाले. तीन झाले. ते तिला लहानपणच्या एका तट्टाची गोष्ट सांगत होते, जे उताराला कधी थांबत नसे.

"काय केलंत मग त्याचं?" तिने विचारले.

"काय करणार? पाठीवर बसून राहिलो. शिकलं." मग हात न थांबवता माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, तुमच्या गावात डोळ्यांचा पडदा काढणारा डॉक्टर आहे म्हणतात. बिनलगामाच्या गाडीत बसून मी जाणार नाही म्हणून सांगितलं होतं मी वैद्याला. पण हे थांबतं. मागं बसायला जागा आहे ना? कार्तिकात या न्यायला."

परतीला मिरवणूक संपून गर्दी घरोघर निघाली होती. शहरात शिरल्यापासून छापखान्याच्या दारापर्यंत मी ब्रेक अकरा वेळा दाबला. अकराही वेळा गाडी थांबली. मागून खोबरेलाचा वास येत होता.

मी मेजावर बसलो तेव्हा सहा वाजून सतरा मिनिटे झाली होती. हजेरीपटात उशिराचे कारण लिहायला रकाना आहे. नऊ वर्षांत त्यात मी काही लिहिले नव्हते. विचार केला, खरे तेच लिहावे, आणि थोडक्यात लिहावे. मी लिहिले : 'तेल.'

संपादकांनी ते वाचले, माझ्या डाव्या अंगाकडे पाहिले आणि मिरवणुकीची बातमी पुढे सरकवली. पहिल्याच ओळीत 'लाखो लोक' होते. त्या दिवशी मी ते तसेच सोडले.